पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने (आणि जमलं तर ब्रातिस्लावा): पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

डॅन्यूबच्या काठाने सायकलवर जायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात "झेपेल का?", आणि खरं सांगू का, हाच प्रश्न सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. पासाऊपासून (जर्मनीतलं, अगदी ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं शहर) व्हिएन्नापर्यंत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि एवढ्यात नदी जेमतेम दीडशे मीटर उतरते. रस्ता बहुतेक नदीच्या बांधावरून जातो, नाहीतर पूर्वी घोडे काठाने चालत बोटी ओढून न्यायचे त्या वाटेवरून, त्यामुळे चढ असा लागत नाही. नात्यातले सत्तरीचे आजोबा बॅटरीवाल्या सायकलवर आरामात आले आमच्याबरोबर, वर संध्याकाळी गावात फिरायला पण तेच पुढे.

गोंधळ होतो तो इतर गोष्टींत. नदीला दोन काठ, दोन्हीकडे सायकलचा रस्ता, दोन्हीकडे पाट्या, पूल लांब लांब, फेरीबोट संध्याकाळी बंद, रविवारी दुकानं बंद, ट्रेनमध्ये सायकलचं वेगळं तिकीट. मी म्युनिकजवळ राहतो, हा रस्ता तुकड्यांत आणि सलगही केलाय, आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी फोन करून तेच तेच विचारतं म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

१. कुठून कुठे, कधी, किती दिवस

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे पासाऊहून व्हिएन्नाकडे. उतार नावापुरताच आहे पण इथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो आणि उघड्या बांधावर तो पाठीवर आहे की तोंडावर यावर तुमचा अख्खा दिवस ठरतो. उलट दिशेने येणारे लोक दिसतील, त्यांचे चेहरे बघा म्हणजे कळेल.

दिवस म्हणाल तर रोज ५०-६० किमी धरून सहा-सात दिवस पासाऊ ते व्हिएन्ना, आणि पुढे ब्रातिस्लावा (स्लोवाकियाची राजधानी) करायचं तर अजून दोन. चार दिवसांत करणारे पण आहेत पण मग मेल्कचा मठ, ड्युर्नश्टाइनचा किल्ला सगळं लांबूनच बघायचं, त्यापेक्षा ट्रेनने गेलेलं काय वाईट.

मोसम मे ते सप्टेंबर. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पण जाता येतं पण बऱ्याच छोट्या फेरीबोटी तेव्हा चालू नसतात नाहीतर फक्त शनिवार-रविवार चालतात, आणि फेरी नसली तर खालचं सगळं प्लॅनिंग कोलमडतं. जुलैमध्ये वाखाऊ खोऱ्यात (मेल्क ते क्रेम्सचा पट्टा) जर्दाळू तयार असतात, रस्त्याकडेला टेबल लावून विकतात, पण तेव्हा गर्दी पण तेवढीच. मला विचाराल तर जूनचा पहिला पंधरवडा नाहीतर शाळा सुरू झाल्यावरचा सप्टेंबर.

२. व्हिसा आणि कागदपत्रं (भारतातून येणाऱ्यांसाठी, जर्मनीत राहणाऱ्यांनी हे सोडून पुढे जा)

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. विमान म्युनिकला उतरतं, सायकल पासाऊला घेतो म्हणून लोक जर्मनीचा व्हिसा काढायला जातात. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) नियम असा की ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि या ट्रिपमध्ये पासाऊ सोडलं की लगेच ऑस्ट्रिया लागतो, म्हणजे बहुतेक सगळ्या रात्री ऑस्ट्रियात. तेव्हा अर्ज ऑस्ट्रियाचा. रात्री समसमान येत असतील तरच पहिला प्रवेश कुठे ते बघतात.

दुसरी अडचण म्हणजे रोज नवीन गाव. अर्जात दिवसागणिक कुठे राहणार ते दाखवावं लागतं, तेव्हा फुकट रद्द करता येतील अशीच बुकिंग करा आणि एका पानाचा साधा तक्ता जोडा: तारीख, कुठून, कुठे, किती किलोमीटर, मुक्काम. कव्हर लेटरमध्ये सायकल ट्रिप आहे असं सरळ लिहा, नाहीतर सात दिवसांत सात हॉटेलं बघून समोरचा माणूस चक्रावतो.

लागणारे कागद:
- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला
- अर्ज, फोटो, फी (मोठ्यांना सध्या ९० युरो)
- प्रवास विमा, किमान ३०,००० युरोचा. यात सायकलवरून पडून झालेला अपघात धरलाय का ते विमावाल्याकडून लेखी घ्या
- विमानाचं बुकिंग, मुक्कामांची बुकिंग, वर म्हटलेला तक्ता
- बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, नोकरी असेल तर रजेचं पत्र

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात म्हणून पंधरा दिवसांवर अजिबात राहू नका.

पासपोर्ट हॉटेलात सोडून फिरू नका. सीमेवर एरवी फक्त एक पाटी दिसते, पण जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५ पासून तपासणी चालू ठेवलीय, ट्रेनमध्ये पोलीस येऊन विचारतात.

३. सायकल: आणायची की भाड्याने

भाड्याने. विमानातून स्वतःची आणलीत तर ती खोक्यात येते, आणि तुम्ही पासाऊला सुरू करून व्हिएन्नाला संपवणार, मग ते खोकं कुठे ठेवणार? पासाऊमध्ये अशी दुकानं आहेत जी एकीकडे घेऊन व्हिएन्नाला परत द्यायची सोय देतात, थोडे जास्त पैसे पडतात पण डोकेदुखी वाचते. उन्हाळ्यात दोन-तीन महिने आधी बुक करा, त्यातही उंची कमी असेल तर नक्कीच, लहान फ्रेम आधी संपतात. उंचीचा आकडा सेंटिमीटरमध्ये कळवा.

कुठली घ्यायची? साधी ट्रेकिंग सायकल, मागे मजबूत कॅरियर, मडगार्ड, टायर ३५ ते ४२ मिलिमीटर. रेसिंगची पातळ टायरवाली नको, कारण डांबर ८०-९० टक्के असलं तरी मधेच खडीचे पट्टे येतात आणि झाडीतल्या वाटांवर मुळांनी रस्ता उचललेला असतो. इ-बाईक घ्यायला लाजू नका, फक्त तिचं वजन पंचवीसेक किलो असतं हे लक्षात ठेवा, ट्रेनमध्ये चढवताना आणि पायऱ्यांवरून नेताना आठवण होते. तिची मोटर ताशी २५ किमीपर्यंतच मदत करते.

दुकानातून बाहेर पडायच्या आधी दहा मिनिटं तिथेच चालवून बघा. सीटची उंची, दोन्ही ब्रेक, घंटी, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टर. ऑस्ट्रियात हे सगळं कायद्याने लागतं. हेल्मेट १२ वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं, मोठ्यांना नाही, पण घाला.

४. सामान आणि हत्यारं

पाठीवर सॅक घेऊन सायकल चालवायची नाही, दुसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या वॉटरप्रूफ पिशव्या मिळतात, पॅनियर म्हणतात, सायकलबरोबर भाड्याने पण मिळतात. दोन पॅनियर आणि हँडलवरची एक छोटी बॅग, बास. सामान एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोचवणाऱ्या कंपन्या आहेत, आई-बाबा बरोबर असतील तर ते पैसे खर्च करा.

- दोन ट्यूब (मापाच्या, टायरवर लिहिलेलं असतं), टायर काढायचे लिव्हर, पंप, पंक्चर पॅच
- मल्टी-टूल, चेनचं तेल, चार-पाच केबल टाय
- जाड कुलूप
- रेनकोट आणि रेनपँट (जुलैत सुद्धा), पॅडवाली हाफपँट, एक गरम जर्किन
- सनस्क्रीन, गॉगल, गोचीड काढायचा चिमटा
- पॉवर बँक, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा
- २० युरोच्या आतल्या नोटा आणि चिल्लर

पंक्चर काढता येत नसेल तर घरीच एकदा मागचं चाक काढून बसवून बघा. बांधावर दुकान नसतं आणि प्रत्येक गावात पण नसतं.

भारतातून खाऊ आणताना पेढे, बर्फी, तूप असलं दुधाचं काही आणू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात. दाण्याची चिक्की, भाजणी, चटण्या चालतात, आणि चिक्कीइतकं सोयीचं सायकलवरचं खाणं मला अजून मिळालेलं नाही.

५. पासाऊपर्यंत पोचणं

म्युनिकहून पासाऊला रिजनल ट्रेन सव्वादोन-अडीच तासांत जाते. चारजण असाल तर बायर्न-टिकट (बव्हेरियातल्या रिजनल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) स्वस्त पडतं, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. स्वतःची सायकल असेल तर तिचं तिकीट वेगळं, ते ना बायर्न-टिकटमध्ये येतं ना डॉइचलांड-टिकटमध्ये (जर्मनीभरच्या रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास). रिजनल ट्रेनमध्ये सायकलला जागा राखून मिळत नाही, डब्यावर सायकलचं चित्र असतं तिथे आधी येईल तो आधी. सुट्टीच्या दिवशी सकाळी हाउसफुल असतं, तेव्हा लवकरची गाडी पकडा.

पासाऊला एक रात्र राहाच. इन, इल्झ आणि डॅन्यूब तिथे मिळतात आणि तिन्हींचे रंग वेगळे दिसतात. टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत त्या बघा, जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, पाचशे वर्षांतला सगळ्यात मोठा पूर. त्या भिंतीपाशी उभं राहिलं की पुढे सगळीकडे एवढे बांध का घातलेत हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

६. रोज सकाळी काठ ठरवा

एक सवय लावून घ्या, रोज नाश्त्याला नकाशा उघडायचा आणि ठरवायचं की आज उत्तर काठ की दक्षिण काठ, कुठे पार करायचं, आणि तिथली फेरी किती वाजेपर्यंत आहे. "पाट्या बघत जाऊ" असं म्हणून चालत नाही कारण पाट्या दोन्हीकडे आहेत आणि दोन्ही बरोबरच आहेत, ऐलतीरावरचा माणूस पैलतीर चांगला सांगतो आणि तिकडचा इकडचा. माझी निवड खाली देतो.

*पासाऊ ते श्लोगेन (४०-४५ किमी):* उत्तर काठ. दक्षिणेकडे सायकलचा रस्ता आहे पण हायवेला चिकटून. उत्तरेला योखेनश्टाइनच्या धरणानंतर गाड्या जवळपास नाहीतच, एका बाजूला जंगलाचा डोंगर आणि एका बाजूला पाणी. पण हा काठ पुढे एका ठिकाणी संपतो! श्लोगेनला नदी आल्या पावली उलटी वळते आणि त्या वळणावर उत्तरेकडे डोंगर थेट पाण्यात उतरतो, रस्ता नाहीच, तिथे फेरीबोट घ्यावीच लागते. एक फेरी पलीकडे श्लोगेनला सोडते आणि एक त्याच काठाने पुढे नेऊन सोडते. पलीकडे जा, सायकलला कुलूप लावा आणि अर्ध्या-पाऊण तासाची चढण चढून वरून ते वळण बघा. फेरीवाले रोख पैसे मागतात आणि संध्याकाळी वाट बघत नाहीत.

*श्लोगेन ते लिन्झ (५०-५५ किमी):* दक्षिण काठाने आशाखपर्यंत, तिथे पुलावरून उत्तरेला, मग ओटेन्सहाइमपर्यंत मस्त सपाट. लिन्झच्या आधीचे आठ-दहा किलोमीटर मात्र मोठ्या रस्त्याच्या शेजारून आहेत, आवाजाला कंटाळाल, पण उत्तरेकडूनच जा, दक्षिणेकडचं जास्त त्रासाचं आहे. ओटेन्सहाइमला दोरीवरची फेरी आहे, इंजिन नाही, दोरीला बांधलेली बोट प्रवाहाच्या जोरावरच पलीकडे सरकते. आपल्या दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीची सवय असलेल्या माणसाला ती शांतता विचित्र वाटते.

*लिन्झ ते ग्राइन (६०-६५ किमी):* उत्तर काठ. लिन्झमध्ये ट्रामचे रूळ तिरके ओलांडू नका, चाक अडकतं, काटकोनात ओलांडा. पंचवीसेक किलोमीटरवर माउटहाउझेन येतं. गावाच्या वर नाझींच्या छळछावणीचं स्मारक आहे, प्रवेश फुकट. त्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत मिळून १,९०,००० च्या आसपास माणसं आणली गेली आणि त्यातली किमान ९०,००० मेली. जायचं असेल तर अर्धा दिवस काढून ठेवा आणि मुक्काम माउटहाउझेनलाच करा, ते बघून पुन्हा तीस-पस्तीस किलोमीटर सायकल मारायचं मन राहत नाही. चढ चांगलाच खडा आहे, ढकलत नेली तरी हरकत नाही. लहान मुलांना नेऊ नका.

पुढे माखलांडचा सपाट पट्टा लागतो. इथला पुराचा बांध साधारण ३६ किमीचा, २०१२ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी तो मोठा पूर आला, बांध टिकला.

*ग्राइन ते मेल्क (५० किमी):* ग्राइनच्या पुलावरून दक्षिणेला. खोरं अरुंद होतं, दाट झाडी, पलीकडच्या काठावर ट्रक धावतात आणि तुमच्या बाजूला शुकशुकाट. इब्सनंतर कुठलाही काठ चालतो.

*मेल्क ते क्रेम्स (३५-४० किमी):* वाखाऊ. अंतर कमी आहे पण पूर्ण दिवस द्या. मेल्कचा मठ १०८९ सालचा, आत्ताची पिवळी इमारत अठराव्या शतकातली, सकाळी उघडताच बघून घ्या. मग दक्षिण काठाने निवांत आर्न्सडॉर्फपर्यंत, तिथे फेरीने श्पिट्झला उत्तरेकडे, आणि पुढे वाइसेनकिर्खेन, ड्युर्नश्टाइन करत क्रेम्स. सरसकट उत्तरेकडून गेलात तर सगळी गावं मिळतात पण गाड्या आणि टुरिस्ट पण मिळतात, सरसकट दक्षिणेकडून गेलात तर शांतता मिळते पण द्राक्षमळ्यांमधली गावं पलीकडेच राहतात. या वाटणीत फक्त विलेनडॉर्फ हुकतं. १९०८ मध्ये तिथे अकरा सेंटिमीटरची ती प्रसिद्ध अश्मयुगीन मूर्ती सापडली, पण खरी मूर्ती व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, तेव्हा फार काही गेलं नाही. ड्युर्नश्टाइनच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ मध्ये कैदेत होता, वर चढून जायला अर्धा तास लागतो.

या भागात वाइनच्या बागा आणि वाइन प्यायला बोलावणारी पाटीवर पाटी. ऑस्ट्रियात सायकलवर पण दारूची मर्यादा आहे, रक्तात दर हजारी ०.८, आणि दंड खरा होतो. मुक्कामाला पोचून मग काय ते.

*क्रेम्स ते टुल्न (४५ किमी):* दक्षिण काठ. लांबच लांब सरळ बांध, काहींना कंटाळवाणा वाटतो. मधे त्स्वेन्टेनडॉर्फचं अणुऊर्जा केंद्र लागतं, पूर्ण बांधून तयार होतं आणि ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.५ टक्के लोकांनी नको म्हटलं म्हणून एकदाही चालू झालं नाही. तसंच उभं आहे.

*टुल्न ते व्हिएन्ना (३५-४० किमी):* दक्षिण काठ, क्लोस्टरनॉयबुर्गवरून. लोकल ट्रेन समांतर धावते, कुणी दमलं तर बसवून द्या.

७. बांधावरचे नियम

बांधावर सावली नाही. हे वाक्य वाचून सगळे मान डोलावतात आणि मग दुपारी दोनला उघड्या बांधावर एक बाटली घेऊन निघतात. बाटल्या दोन हव्यात, टोपी हवी, आणि क्रेम्स-टुल्नसारखा पट्टा सकाळीच उरकायचा. पाणी विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पाणी पितात. बांधावरून गाव दिसलं की चर्चचा मनोरा शोधा, दफनभूमी तिथेच नाहीतर जवळपास असते आणि तिथे फुलांसाठी नळ असतो, इथले सायकलवाले सर्रास तिथेच भरतात. "काइन ट्रिंकवासर" लिहिलं असेल तर मात्र ते प्यायचं नाही.

समोरून वारा असेल तर बांधाच्या पायथ्याशी बहुतेक ठिकाणी दुसरी वाट असते, तिथून जा, बराच फरक पडतो. दोन-दोन, तीन-तीन जण शेजारी गप्पा मारत चालवू नका, मागून जोरात येणारे असतात. उजवीकडून चालवायचं, पुढे जाताना घंटी वाजवायची, थांबायचं असेल तर सायकल रस्त्याच्या बाहेर घ्यायची. काठच्या वाटेवर नदीखात्याच्या गाड्या येऊ शकतात.

पूर. आल्प्समध्ये दोन दिवस पाऊस झाला की तुमच्याकडे ऊन असताना सुद्धा पाणी चढतं आणि काठचा खालचा रस्ता पाण्याखाली जातो. पाणी उतरल्यावर चिखलाचा थर राहतो तो त्याहून वाईट, काचेसारखा गुळगुळीत. सप्टेंबर २०२४ मध्ये तर टुल्नच्या आसपासचा सगळा भागच पुरात होता. रस्त्यावर आडवी फळी आणि "गेश्पेर्ट" (बंद) दिसलं की बाजूने घुसायचं नाही, "उमलाइटुंग" म्हणजे वळसा, त्या पिवळ्या पाटीमागे जायचं, चार किलोमीटर वाढले तर वाढले.

८. झाडीतले रस्ते

नदीकाठच्या जंगलात गारवा असतो, पण तिथे गोचीड आहेत. इथली गोचीड मेंदूज्वराचा एक प्रकार पसरवते आणि ऑस्ट्रिया त्या रोगाच्या पट्ट्यात येतो. लस आहे, पण एका डोसवर भागत नाही आणि मधे काही आठवडे जावे लागतात, म्हणून निघायच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांशी बोला. रोज रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कंबरेपाशी बघायचं. सापडली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. नंतर काही दिवसांनी, आठवड्यांनी सुद्धा, तिथे लाल गोल पसरत गेला तर डॉक्टर.

गवतात पाय पसरून जेवायला बसण्यापेक्षा बाकावर बसा, बाक भरपूर आहेत. ओल्या पानांवर आणि मुळांवर ब्रेक हळू दाबा. तंबू ठोकायचा तर कॅम्पसाइटवरच, जंगलात नाही.

९. खाणं आणि झोपणं

रविवारी सुपरमार्केट बंद. सणाच्या दिवशी बंद. मे-जूनमध्ये गुरुवारी येणारे चर्चचे सण असतात, तेव्हा पण बंद. शनिवारी संध्याकाळी पाव, चीज, फळं घेऊन ठेवायची. मोठ्या स्टेशनवरची दुकानं उघडी असतात, पण बांधावर स्टेशन कुठून आणणार.

हॉटेलांना "रुहेटाग" असतो, आठवड्यातून एक-दोन दिवस किचन बंद, छोट्या गावात एकच हॉटेल असेल आणि नेमका तोच दिवस असेल तर उपाशी. बुकिंग करताना विचारा. किचन रात्री आठ-साडेआठलाच बंद होतं.

शाकाहारी लोकांचं भागतं, पण रोज थोडं तेच तेच. केझेश्पेत्सले (चीजमधल्या नूडल्स), कायझरश्मारन (गोड जाडसर घावन तुकडे करून), जर्दाळूचे क्न्योडेल (आत जर्दाळू घालून उकडलेले गोळे). बटाट्याच्या सॅलडमध्ये आणि सुपात बेकनचे तुकडे नाहीतर मांसाचा स्टॉक असू शकतो, "ओने फ्लाइश, ओने श्पेक" असं स्पष्ट सांगा.

राहायला पेन्शन म्हणजे घरगुती लॉज सगळ्यात बरे, नाश्ता भरपेट, सायकलला बंद खोली. घराबाहेर "त्सिमर फ्राय" पाटी दिसली की खोली रिकामी आहे. बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही. उशीर होणार असेल तर फोन करून सांगा, मालकीणबाई वाट बघत असतात आणि उशिरा आलेल्यांना तसं जाणवून पण देतात.

१०. व्हिएन्नाच्या पुढे: खरा बांध इथे आहे

बरेच लोक व्हिएन्नाला थांबतात. जमलं तर थांबू नका. शहरातून डॅन्यूब बेटावरून बाहेर पडायचं, हे २१ किमी लांबीचं बेट १९७२ ते १९८८ मध्ये पुराचं पाणी वाटून घ्यायला दुसरा कालवा खणला त्याच्या मातीतून तयार झालंय. मग लोबाऊचं जंगल, थोडे तेलाच्या टाक्यांचे कुरूप किलोमीटर, आणि त्यानंतर उत्तर काठावरचा पुराचा बांध जो थेट श्टोपफेनरॉय्टपर्यंत जातो. एका बाजूला पाणथळ जंगल, एका बाजूला शेतं, मधे उंचावर तुम्ही, एकदम सरळ.

हे जंगल आज आहे ते १९८४ मुळे. हाइनबुर्गजवळ धरण होणार होतं, झाडं तोडायला सुरुवात झाली, आणि डिसेंबरच्या थंडीत हजारो लोक जंगलात जाऊन बसले. पोलिसांशी झटापट झाली, शेवटी सरकारने काम थांबवलं आणि १९९६ मध्ये नॅशनल पार्क झालं. पासाऊपासून धरणामागून धरण ओलांडत आलात की इथलं मोकळं वाहणारं पाणी लगेच वेगळं दिसतं.

सापळा: या पट्ट्यात बांधावर खायला-प्यायला जवळपास काही नाही. गावं बांधापासून एक-दोन किलोमीटर आत आहेत. ऑर्थला आत वळा, किल्ल्यात नॅशनल पार्कचं केंद्र आहे, गावात जेवण मिळतं. डास भयंकर, विशेषतः पूर येऊन गेल्यावर, संध्याकाळच्या आत जंगलातून बाहेर पडा. श्टोपफेनरॉय्टला पुलावरून दक्षिणेला, हाइनबुर्गला मुक्काम (व्हिएन्नापासून पन्नासेक किमी), आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस किमीवर ब्रातिस्लावा. स्लोवाकिया पण शेंगेनमध्ये आहे आणि युरोच चालतो, वेगळं काही करायचं नाही.

११. परत येणं

ब्रातिस्लावाहून व्हिएन्नाला रिजनल ट्रेन आहे, तासाभरात पोचते, सायकल नेता येते. ब्रातिस्लावाला जायचं नसेल तर हाइनबुर्गहूनच लोकल पकडा, ती व्हिएन्ना एअरपोर्टवरून शहरात जाते. व्हिएन्नाहून म्युनिक नाहीतर पासाऊला स्वतःच्या सायकलसकट परतायचं असेल तर रेलजेटसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत सायकलचं रिझर्व्हेशन सक्तीचं आहे, जागा मोजक्याच असतात आणि उन्हाळ्यात आठवडे आधी संपतात, म्हणून ते तिकीट स्वतःच्या सीटच्या आधी बघायचं. नाही मिळालं तर रिजनल गाड्या बदलत बदलत, दिवस जातो पण पोचता.

भाड्याची सायकल असेल तर परत द्यायची जागा आणि वेळ आधीच कन्फर्म करा, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बरीच दुकानं बंद असतात, आणि सोमवारी सकाळचं विमान असेल तर सायकलचं करायचं काय हा प्रश्न फार वाईट. द्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पॅनियर झटकून बघा (चार्जर तळाशी राहतो), आणि डिपॉझिटची पावती हातात घेऊनच बाहेर पडा.